टेपर

उद्यमनगरात, आमच्या लेथवर
टेपर काढायचा तर स्लाइड फिरवून घ्यायची,
इतके अंश, इतकी लांबी,
हँडल सावकाश. घाई केली की जॉब गेला.
सहा वर्षं मी टेपर काढतोय.
बाबगोंडा अण्णा म्हणतात, हात बसलाय तुझा.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात
यंत्रावर हनुवटी टेकवली तेव्हा
समोर कड्यांत कडी, त्या कडीत कडी,
आणि माझं डोकं चकात धरल्यासारखं.
"पापणी मिटू नका, दस्तगीर. अजून थोडं."
त्या दिवशी जॉब मी होतो.

पडद्यावर डोळा आला.
निळा, मग हिरवा, आणि खाली एका अंगाला
भट्टीच्या तोंडासारखा लाल.
हेब्बाळकर डॉक्टरांनी पेनाचं टोक तिथं ठेवलं,
"बुबुळावरची काच इथं पातळ झालीय.
पातळ झाली, म्हणून पुढं आलीय. शंकूसारखी."
टेपर, मी म्हणालो.
"काय?"
काही नाही.

सगळ्यांत पातळ जागी चारशे अडतीस मायक्रॉन.
मायक्रॉन मला सांगायला नको.
वीस मायक्रॉनपायी
आख्खा टेम्पो माल परत आलेला पाहिलाय मी.
पण ते लोखंडाचे मायक्रॉन.
लोखंड रात्री घरी जाऊन, झोपेत, पातळ होत नाही.

मग मागच्या वर्षीचा कागद, या वर्षीचा कागद.
दोन ठिपके, त्यांतून जाणारी एक रेघ
आणि रेघेच्या पुढं कोरा भाग.
अम्मा त्या कोऱ्या भागाकडंच बघत होती.
"किती वर्षं दिसंल त्याला?"

डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला.
"असे शंभर डोळे माझ्यापुढं ठेवा,
त्यांतल्या कितींना पुढं दुसऱ्याचं बुबुळ लागंल
ते अंदाजानं सांगतो.
ह्याचा त्यांतला कुठला, ते नाही सांगता येत.
वय तेवीस. तरुण डोळा जोरात पळतो,
चाळिशीकडं बहुतेकदा दमतो.
पिवळे थेंब घालून, जांभळ्या उजेडाखाली
काच कडक करता येते. आहे तिथं थांबावी म्हणून.
मागं येत नाही.
आणि चोळणं बंद."

अम्मा रिक्षात म्हणाली, पाचवीत होतास
तवापासून सांगत आले.
मग सायबर चौकापर्यंत काहीच म्हणाली नाही.

अण्णांना शंभराची गोष्ट सांगितली.
ते बर साफ करत होते, मान वर केली नाही.
"लॉटमधनं पाच नग तपासतो आपण.
शंभरात तीन वाया जाणार, मला ठाऊक असतंय.
कुठले तीन,
ते त्या नगांना तरी ठाऊक असतंय काय?"
मग उगाचच मला चहा सांगितला.

एक गोष्ट अण्णांना सांगितलेली नाही.
व्हर्निअरच्या रेघा डाव्या डोळ्याला
केव्हाच जोडीनं दिसायला लागल्यात.
मी उजव्यानं वाचतो,
आणि उजवा थकला की मायक्रोमीटरच्या
टकटकीवर कान ठेवतो, अंगठ्यानं खात्री करतो.
अजून एकही नग परत आलेला नाही.

रात्री रंकाळ्यावर दिव्यांना शेपट्या फुटतात.
चंद्र एक नीट, आणि दोन त्याच्याखाली सांडलेले.
मोबीनला म्हणालो, तीन आहेत.
त्यानं भेळ चावत बराच वेळ वर पाहिलं.
"मला एकच मिळालाय," म्हणाला,
जणू दुकानदारानं त्याला मापात मारलं.

थेंबांची तारीख पुढच्या मंगळवारी.
त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक कागद,
कागदावर एक ठिपका.

पहाटे तीनला जाग आली.
डोळ्यांत वाळू, आणि मूठ
आपली आपण चेहऱ्याकडं निघालेली.
डोळ्यापासून सूतभर अलीकडं धरली तिला.
थरथरत होती.
पलीकडं अम्मा जागी होती,
तिच्या बांगड्यांवरनं कळलं.
दोघंही काही बोललो नाही.
हँडल सावकाश.